खालून दोन सेंटीमीटर फट

प्रिय धाकट्या,

फोन केला असता तर तू नेहमीसारखं, ताई आधी ऐकून तरी घे, असं म्हणाला असतास आणि मी ऐकून घेतलं असतं. म्हणून पत्र. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही. बाबा बरे आहेत. गुडघा कुरकुरतो, पण कारखान्यात येऊन खुर्ची टाकल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. एवढी खुशाली पुरे, कारण माझं डोकं फिरलंय. मंगळवारी तुमच्या कंपनीकडून एक जाडजूड फाइल आली.

तीन वर्षांपूर्वी पंपात बसणाऱ्या रबरी रिंगांचं काम तुमच्या कंपनीनं आपल्याला दिलं, तेव्हा बाबांचे पाय आठवडाभर जमिनीला लागत नव्हते. एवढी मोठी परदेशी कंपनी आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये तंत्रज्ञान घेऊन येणार, हे ते भेटेल त्याला सांगत सुटले होते. आलं काय, तर चार पानं. इतकी उष्णता, इतकी मिनिटं दाब, संपलं. ती पानं लिहिणाऱ्यानं आपल्यासारखी दमट हवा कधी बघितलेली नसणार. हवा ओली झाली की आपल्या रिंगांवर फोड यायचे आणि शंभरातल्या चाळीस फेकून द्याव्या लागायच्या. त्यांचा तज्ज्ञ दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा त्यानं उष्णता वाढवली, तर रिंगा बोटानं तुटायला लागल्या. दुसऱ्यांदा म्हणाला की आमच्या बायका पानं नीट वाचत नाहीत. काकूला ती पानं तोंडपाठ होती रे! तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि मीही. त्याचा राग मला अजून स्वतःवरच येतो.

काका गेल्यावर काकू रबर दाबायच्या प्रेसवर उभी राहिली, त्याला बावीस वर्षं झाली. तुला डझन म्हणजे किती ते तिनंच शिकवलं, रिंगा रचायला लावून. चार महिने ती त्या फोडांच्या हात धुवून मागे लागली होती. शेवटी घरातलं जुनं लोखंडी कपाट कारखान्यात ओढत आणलं, आत दोन बल्ब लावले, दोऱ्या बांधल्या आणि रबराच्या पट्ट्या कपडे वाळत घालावेत तशा टांगल्या. दिवसभर सुकलेली पट्टी साच्यात घालायची, दाब द्यायचा, सात मोजायचे, साचा बोटभर उघडायचा आणि परत मिटायचा. आतली वाफ निघून जाते. फोड बंद. आता शंभरातल्या दोन गेल्या तर गेल्या. त्या कपाटाचं दार खालून गंजलं होतं, म्हणून तेवढा पत्रा कापून टाकला आणि तिथे फट राहिली. नवा पत्रा आणायचं काम माझ्याकडे होतं. मी आणला नाही, म्हणून काकू अजून माझ्या नावानं बोटं मोडते.

मग दोन साहेबांना घेऊन तू आलास. रिंगा अचानक चांगल्या कशा यायला लागल्या, हे त्यांना बघायचं होतं. बाबांनी पाहुण्यांपासून कधी काही लपवलंय? त्यांनी कपाट उघडून दाखवलं, काकूची वही दाखवली, तिला त्यांच्यासमोर मोठ्यानं सात मोजायला लावलं. ती लाजली होती, आठवतं? तू फोटो काढत होतास. ती फटसुद्धा पट्टी लावून मोजलीस, तेव्हा मला हसू आलं होतं. जाताना तू बाबांपुढे एक कागद ठेवलास आणि हजेरीचा आहे म्हणालास. पाहुण्यांसमोर कागद वाचत बसलं तर पाहुण्यांचा अपमान होतो, असं बाबा मानतात. हे साहेबांना माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. त्यांनी न वाचताच सही केली. या भेटीत दिसलेल्या सगळ्या सुधारणा कंपनीच्या मालकीच्या, असं त्या कागदावर लिहिलेलं होतं, हे फाइलला जोडलेली त्याची प्रत वाचली तेव्हा मला कळलं.

आता फाइल. चौदा गुळगुळीत पानं, वर लिहिलंय, कंपनीनं विकसित केलेली सुधारित पद्धत. काकूच्या कपाटाचं त्यात 'नियंत्रित शुष्कन कक्ष' झालंय. सात सेकंदांनी साचा उघडायचा, हेही आहे. आणि कक्षाच्या दाराला खालून दोन सेंटीमीटर फट अत्यावश्यक, असं ठळक अक्षरात छापलंय. आमचा गंज छापलाय रे त्यांनी! माझा आळस छापलाय! मी आधी पोट धरून हसले आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली. कारण खाली अट आहे: ही पद्धत आपण दुसऱ्या कोणत्याही गिऱ्हाइकासाठी वापरायची नाही. आपल्या बाकीच्या दोन पंपवाल्यांचं काम मग कसं करायचं? आपल्याकडच्या अकरा बायकांपैकी सहा त्या कामावर आहेत. त्यांना घरी बसा म्हणून कोण सांगणार, तू?

मी वकीलबाईंकडे जाऊन आले. त्या म्हणाल्या, बाबांच्या सहीनं अडचण केली आहे, पण काकूच्या वहीत तारखा आहेत आणि त्या तुमच्या भेटीच्या आधीच्या आहेत. तेवढ्यावर भांडता येईल. फक्त, ही पद्धत मी कंपनीकडून शिकले, असं काकूनं स्वतः कुठे लिहून द्यायचं नाही. बाबांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. ते फाइल शेजाऱ्यांना दाखवत फिरताहेत, आपल्या कारखान्याचं नाव छापून आलं म्हणून. दोन रात्री मी तुझ्यासाठी सबबी शोधत होते. तुला वरून सांगितलं असेल, तूही तो कागद वाचला नसशील, फाइल दुसऱ्याच कुणी केली असेल. मग शेवटचं पान उलटलं.

तिथे लिहिलंय की सोमवारी सकाळी दहाला आपल्याच शेडमध्ये प्रशिक्षण आहे, आणि शेवटी प्रत्येकीनं ही पद्धत आपण कंपनीकडून शिकलो म्हणून सही करायची आहे. शिकवणारा म्हणून तुझं नाव आहे. मी ते काकूला वाचून दाखवलं आणि वकीलबाई काय म्हणाल्या तेही सांगितलं. तिनं हातातल्या रिंगेची कड खुडून साफ केली. मग म्हणाली, मी सही करीन, माझ्यामुळे पोराच्या पोटावर पाय नको. त्याला रागावू नकोस, असंही म्हणाली. मी भांडले, रडले, तिच्यापुढे हात टेकले. ती ऐकत नाही. ते कपाट तिनं आज घासूनपुसून ठेवलंय, तू येणार म्हणून. माझं तिच्यापुढे चालत नाही, तुझं चालतं, म्हणून तुला हे लिहिलं. सोमवारी तू तो कागद तिच्यापुढे ठेवलास तर ती तुझ्याकडे बघून हसेल आणि सही करेल. तो ठेवू नकोस.

तुझीच, अजून तरी,
ताई