भिकुबाईच्या पोत्यातला डिंक

धरणगाव,
होळीच्या आधीचा मंगळवार

प्रिय तोताराम,

तू सांगितलेलं आणि मयुरीने लिहिलेलं पत्र परवा मिळालं. पोरीचं अक्षर छान झालंय, पण तुझ्या शिव्या ती गाळते, ते काही बरं नाही. शिवीशिवाय तुझं पत्र म्हणजे अळणी वरण. असो. रविवारी सभा आहे, भिकुबाईच्या वाट्याला दिलेल्या डिंकाच्या चाळीस धावड्यांचं काय ते होळीच्या आत ठरवायचंय, झाडं तिच्याकडून कायमची काढून दुसऱ्या घराला द्यावीत असं बहुतेकांचं मत पडतंय, आणि मी सकाळीच यावं, पहिला शब्द ग्यानशेटचाच, एवढं कळलं. इकडे ठीक आहे. कुसुमलताचे गुडघे कुरकुरतात. नात आता रांगत दुकानापर्यंत येते आणि डिंकाच्या ढिगात हात घालते. सूनबाई प्रियल ओरडते. मी म्हणतो, घालू दे, खानदानी धंदा आहे. खानदानात या धंद्यातला पहिला मीच, हे तिला माहीत नसतं थोडंच.

मी तुमच्या सालईपाड्यावर पहिल्यांदा आलो तेव्हाचं तुला आठवत असेल. सायकलला दोन्हीकडे पिशव्या, एकीत मीठ, दुसरीत सुया-दोरे, आणि मारवाडातून आलेल्या माझ्या मराठीवर अख्खा पाडा हसत होता. तुझ्या आईला कोणी सांगितलं की हा दिवस बुडाल्यावर जेवत नाही. तेव्हापासून मी आलो की तिची चूल दुपारीच पेटायची, आणि तू चिडवायचास, शेटना सूर्य लवकर बुडस. त्याच ओट्यावर मी डिंक ऐकायला शिकलो. काशाच्या थाळीत खडा टाकायचा. झाडाने स्वतःच्या चालीने सोडलेला, उन्हात वाळलेला डिंक टणकन बोलतो. घाई करून, खोल घाव घालून किंवा औषध टोचून काढलेला डिंक आतून ओला राहतो आणि बद्द वाजतो. पुढे माझं नाव झालं ते या कानावर. डोळ्याने फसणारे व्यापारी होते, मी कानाने कधी फसलो नाही. हे मी बढाईने लिहीत नाही, तोताराम. पुढचं वाचलंस की कळेल.

ग्रामसभेला जंगलाचा हक्क मिळाला आणि सात गावांनी एकत्र बसून नेम केले, तेव्हा व्यापाऱ्याला कशाला बोलावता म्हणून किती जण उठले होते. तू म्हणालास, विकत घेणारा बाहेर ठेवला तर नेम भिंतीवरच राहतील. मग मी बसलो, जळगावच्या लाडू करणाऱ्या बायकांच्या वतीने इंदिराबाई बसल्या, पुण्याचा खरेदीदार दोनदा येऊन गेला. नखाएवढाच घाव, कवेत न मावणाऱ्या झाडालाच घाव, गेरूचा पट्टा मारलेल्या झाडाला वर्षभर सुट्टी, आणि प्रत्येक पोत्याला घराच्या नावाची चिठ्ठी, म्हणजे कुठल्या झाडाचा डिंक कुठे गेला ते शेवटपर्यंत कळावं. सगळ्यात जास्त भांडली भिकुबाई. झाडले सुट्टी, आनी मना पोटले काय, असं तिने भर सभेत विचारलं. पण एकदा अंगठा दिल्यावर तिने नेम पाळला. आपल्यातल्या काहींनी सही केली होती.

आता गेल्या वर्षीचं. पट्ट्याची झाडं सोडल्यावर डिंक कमी येणार हे आपण सगळ्यांनी ठरवूनच स्वीकारलं होतं. पण पुण्याच्या माणसाने फोनवर विचारलं, शेटजी, पहिल्या वर्षी जमेल ना सगळा माल, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ग्यानचंद बोलला म्हणजे आला. उगाच बोललो. कोणी जबरदस्ती केली नव्हती. कमी येईल म्हटलं असतं तर तो हो म्हणाला असता, त्याने करारात तसं लिहूनही दिलं होतं. पण चाळीस वर्षांत माझ्या तोंडून कमी हा शब्द निघाला नव्हता, तो या वयात काढायची लाज वाटली. कशाची लाज वाटावी आणि कशाची वाटू नये, यातच माणूस कळतो म्हणतात. मी असा कळलो.

त्यानंतरची ती सभा आठव. इंदिराबाईंनी पोतं आणून सगळ्यांपुढे ओतलं. तुपात टाकला तर फुलत नाही, कढईला चिकटतो, वास येतो, म्हणाल्या. चिठ्ठी भिकुबाईची होती. तू मला विचारलंस, शेट, हा गोदामात बिघडला का डोंगरावरूनच असा आला. कोणीतरी थाळी आणली. मी खडा टाकला आणि डोळे मिटले. तुझ्या लक्षात आलं होतं का, मी डिंक ऐकताना कधी डोळे मिटत नाही? मग मी म्हणालो, झाडावरूनच असा आलाय, घाव खोल आहे. कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही. भिकुबाई एवढंच म्हणाली, मना हात असा घाव नही घालस. तिच्या हाताकडे कोणी पाहिलं नाही, सगळे माझ्या कानाकडे बघत होते. तिला वर्षभर जंगल बंद, असं ठरलं. ती आता दुसऱ्यांच्या शेळ्या राखते हे मला तुझ्या पत्राआधीच माहीत होतं.

डिंक झाडावरून तसा आला होता हे खरंच होतं. फक्त ते झाड तिचं नव्हतं, तुमच्या डोंगरावरचंही नव्हतं. हद्दीपलीकडच्या एका व्यापाऱ्याकडून मी आठ पोती उचलली होती. पहिला खडा थाळीत पडताच मला कळलं होतं की झाडाला भोक पाडून औषध टोचलंय, अशी झाडं दोन-तीन वर्षांत उभ्या उभ्या वाळतात. तरी घेतली. गोदामाचं दार लावून माझ्या हाताने तुमच्या पोत्यांत मिसळली. भिकुबाईशी माझं काही वैर नव्हतं, तिचं पोतं तेवढं हाताशी उघडं होतं, म्हणून जास्त माल त्यात गेला. वाईट माल आत जायला जागा हवी म्हणून तिचा थोडा चांगला डिंक मी बाहेर काढला. आणि तो टाकवेना, तोताराम. काचेसारखा होता. प्रियलचं बाळंतपण जवळ आलं होतं, मी तो घरी नेला. कुसुमलताने लाडू वळताना विचारलं, इतका चांगला कुठून आणला. मी म्हणालो, डोंगरावरचा. घरच्या बाळंतिणीला कुठला द्यायचा आणि लोकांच्या बाळंतिणींना कुठला पाठवायचा, एवढी निवड मी नीट केली होती.

नंतर गप्प राहायला कारणं पुष्कळ सापडली. खरं सांगितलं तर पुण्याचा माणूस सोडून जाईल, सात गावांचं जुळलेलं मोडेल, एका बाईसाठी एवढ्यांचं नुकसान कशाला. मी चतुर माणूस, मला कारणं लवकर सापडतात. पर्युषण संपल्यावर आमच्यात सगळ्यांची क्षमा मागायची रीत आहे, तुला दरवर्षी कार्ड येतंच. गेल्या वेळी मी चोपड्याच्या बाजारात भिकुबाईला गाठलं, हात जोडले आणि म्हणालो, कळत-नकळत चूक झाली असेल तर माफ कर. ती हसली. माफी कसानी, शेट, म्हणाली, मना मनमा काही नही शे. वर मलाच चहा पाजला. मी तो प्यालो. चूक काय ते न सांगता माफी मिळाली, इतकी फुकट वस्तू मी आयुष्यात घेतली नव्हती.

तुझ्या पत्रात मध्येच एक ओळ आहे, तिच्या झाडांवर चक्कर मारून आलो, घाव नखाएवढेच दिसले, भरूनही आलेत, नवल वाटतं. त्यापुढे तू लगेच म्हशीची बातमी दिलीस. माझा कान अजून शाबूत आहे. नवल वाटतं म्हणून तू थांबलास, पुढचं विचारलं नाहीस. तुझ्या आईच्या चुलीपाशी मी जेवलो म्हणून विचारलं नसशील. तो उपकार मला झेपत नाही.

काल जळगावला जाऊन इंदिराबाईंना सगळं सांगितलं. बाईंनी हातातला लाडू वळून ताटात ठेवला. मग म्हणाल्या, शेट, कान चांगला होता हो तुमचा, खाली तोंड नसतं तर बरं झालं असतं. पुण्यालाही कळवलंय. तो काय करतो बघू. माझ्याकडून सुचवतो, यापुढे पोती पाड्यावरच तिघांसमोर शिवावीत, गोदामाची एक किल्ली तुमच्या माणसाकडे असावी, आणि डिंकाची परीक्षा एका माणसाच्या कानावर ठेवू नये, मग तो कान कोणाचाही असो. मला ठेवायचं का काढायचं ते सभा ठरवेल, त्यावर माझं मत विचारू नका.

हे मी रविवारी तोंडाने सांगू शकलो असतो. तेच टाळायचंय. काल परतताना गाडीत मी मनाशी बोलून पाहिलं. बाबांनो, या म्हाताऱ्या गाढवाचा कान एकदाच चुकला, अशी सुरुवात आली, मग एक गंमत, मग डोळ्यांत थोडं पाणी, आणि ते इतकं सुरेख जमलं की मीच घाबरलो. तुमचे लोक हसतील, कोणी तरी चहा आणेल, शेट मोठ्या मनाचे म्हणतील, आणि एवढी माणसं हसतायत म्हटल्यावर भिकुबाईसुद्धा संकोचाने म्हणेल, जाऊ द्या. झाडं मिळतील तिला, पण तिच्यावर नेम मोडल्याचा आळ आला होता तो दिवस कोणाला आठवणार नाही. म्हणून कागदावर लिहिलं, कागदाला लाघव नसतं. मयुरीला सांग, सभा भरली की सगळ्यात आधी हे पत्र वाच, लाडवांचं वाच, बाजारातल्या चहाचं वाच, काही गाळू नकोस. मी मागे बसलेला असेन. कोणी म्हणालं, शेट, तुम्ही दोन शब्द बोला, तर तू नाही म्हण. भिकुबाईला उभी कर. तिला जे बोलायचं ते, जितका वेळ बोलायचं तितका वेळ, मला ऐकू दे.

तू अजून म्हणू देत असशील तर तुझाच,
ज्ञानचंद