ढेकूण : घरचा आणि झाडाचा

७ मे १९८६
साप्ताहिकाला लेख दिला. विषय शेजारच्या रामाजीचाच. त्याच्या पेरूवर पांढरा पिठ्या ढेकूण, बाजेत लाल. परवा विचारत होता, "भाऊ, हे चुलतभाऊ व्हय काय?" नातं आहेच. दोघांनाही सोंड. एक रस पितो, एक रक्त. पिठ्या अंगावर मेणाचं पीठ घेऊन उघड्यावर बसतो. घरचा दिवसभर बाजेच्या विणीत दडतो. म्हणून झाडाला फवारणीचं औषध, बाजेला ऊन आणि उकळतं पाणी.

लेखासोबतच्या चौकटीच्या शीर्षकात ‘पिठ्या’ बसेना. संपादक घाई करत होते. काढला. ‘ढेकणावर हमखास औषध’ — खाली औषधाचं नाव. सुटसुटीत झालं.

११ मे
अंक आला. रामाजीनं चौकट कापून घेतली. म्हणाला, "सीता येऊन राह्यली बाळंतपणाले. त्याच्या आंधी ढेकणाचा निकाल लावतो." मला वाटलं, पेरूवरच्या.

१४ मे
दुपारी त्याची बायको अंजनाबाई धावत आली. रामाजी अंगणात बाजेवर पडलेला. तोंडाला फेस, अंग घामानं चिंब, हातपाय थडथडत होते. बाजेला औषधाचा उग्र वास. फडकं बुडवून, उघड्या हातांनी, सगळी वीण पुसून काढली होती त्यानं.

"अन् वरतून तिच्यावरच झोपले," अंजनाबाई म्हणाली. "पोरीच्या आंधी मीच झोपून पाह्यतो म्हने."

"उकळतं पाणी लिहिलं होतं मी."

"चौकटीत नाई ना लिवलं, भाऊ."

दवाखान्यात नेताना सायकलरिक्षात त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मध्येच डोळे उघडले. म्हणाला, "भाऊ, एकबी नाई चावला."

१५ मे
रामाजी पहाटे गेला.

१६ मे
सीता आली. सातवा महिना सरलेला, पाय सुजलेले. बाज मी मोडून गावाबाहेर पुरली होती. ती विचारत होती, "बाबाची बाज कुठी हाय?"

खुलासा लिहून दिला. ‘पिठ्या’ शब्द तीनदा घातला. अंक रविवारी निघेल. त्याआधी काढता येत नाही, संपादक म्हणाले.

१७ मे
कार्यालयात शेतीऔषधांचा दुकानदार पेढे घेऊन आला होता. माझ्या पाठीवर थाप मारली. "तुमच्या ढेकणानं कमाल केली, भाऊ! पुरा माल खतम. पार अहेरी गावचे लोक बी घेऊन गेले."

मे महिना आहे. शेतं उघडी पडली आहेत. फवारायला कुठे काही उभं नाही.