प्लेऑफने दात वाचतात

६ नोव्हेंबर, शनिवार
आज पुन्हा डॅडी आणि व्हर्लनकाकांची जुंपली. डॅडींचं लाडकं कॉलेज यंदा फुटबॉलचा एकही सामना हरलेलं नाही. काकांचंही नाही. पण फायनल कोण खेळणार हे लांब बसलेले लोक मतं टाकून ठरवणार. काका म्हणाले, "तुम्ही हरवलीत ती सगळी लिंबूटिंबू!" डॅडींनी बार्बेक्यूचा चिमटा हाणला. काकांचा दात गेला. त्याच्या शेजारचा दात गेल्या वर्षीच गेलाय.
मॉमा रडली. यंदाही थँक्सगिव्हिंगच्या सणाला दोघे भाऊ एका टेबलावर बसणार नाहीत.
घरातली पहिली पदवीधर मी. काहीतरी केलंच पाहिजे.

७ नोव्हेंबर
कारण सापडलं. माणसं वाईट नाहीत, पद्धत वाईट आहे. प्लेऑफ घ्या, म्हणजे वरच्या संघांची बाद फेरी; मैदानातच निकाल लागेल, मग हात कोण कशाला उचलेल? चर्चमध्ये उठून बोलले. पास्टर म्हणाले, मुद्दा विचार करण्यासारखा आहे. मागून कुणीतरी त्यांना भजनांचं पुस्तक फेकून मारलं. चर्चा तरी सुरू झाली.

१० नोव्हेंबर
प्रात्यक्षिकच दाखवायचं. आमचं कुरण, चार संघ, दोन सेमीफायनल, एक फायनल. हरलेल्यानं जिंकलेल्याच्या घरी थँक्सगिव्हिंगला जेवायला जायचं. डॅडी तयार! काकाही म्हणाले, "तो येईल की माझ्याकडे. स्ट्रेचरवरून."
विनोद करतायत. बर्फ वितळतोय.

१३ नोव्हेंबर
संघ पाच आले. डॅडींचा, काकांचा, चर्चचा, अग्निशमन दलाचा, आणि आर्डेलआत्या व तिच्या तीन मुलींचा. आत्याला वगळलं. तिच्या मुली आजवर फक्त एकमेकींनाच मारत आल्यात, म्हणजे प्रतिस्पर्धी हलके.
आत्यानं विचारलं, "कुणी ठरवलं?"
समितीनं, म्हटलं.
"समितीत कोण?"
मी.
"अगं, मग ते मतदान काय वाईट होतं? तिथं निदान साठ गाढवं असतात!"
जाताना तिनं आमची टपालपेटी लाथेनं पाडली. थोडी नाराजी राहणारच.

२१ नोव्हेंबर, रविवार, दुपारी
दोन्ही सेमीफायनल शांततेत. एका फायरमनचा कान काकांनी चावला, पण शिट्टी होण्याआधी, म्हणजे नियमात. फायनलला डॅडी आणि काकाच! योजनेप्रमाणे.

तोच दिवस, हॉस्पिटल
बरोबरी होती. तेवढ्यात आत्याचा पिकअप कुंपण तोडून आला आणि गोलपोस्ट बंपरवर घेऊन थांबला. मुली उतरल्या. चर्चचा संघ कुरणाबाहेर पळाला, पास्टर सर्वांत पुढे. मी ओरडत होते, हिंसेनं काही सिद्ध होत नाही! डॅडी म्हणाले, "आर्डेलला घ्यायलाच हवं होतं. तुला काय कळतंय? तुझं कॉलेज तर पहिल्या पन्नासातसुद्धा नाही."
त्यापुढचं नीट आठवत नाही. बर्फाचा डबा माझ्या हातात होता, असं सगळे म्हणतात.
डॅडींचं कॉलरबोन दोन ठिकाणी मोडलंय. अपवादात्मक परिस्थिती. आठ संघ घेतले असते तर हे झालंच नसतं.

२५ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
डॅडी आणि काका एका टेबलावर! डॅडींचा हात झोळीत, म्हणून काका त्यांना टर्की कापून देतायत. आत्यासुद्धा आलीय. मॉमा आनंदानं रडतेय. खिडकीतून सगळं छान दिसतं.
माझं ताट अंगणात, पिकअपच्या मागच्या फळीवर दिलंय. सॉस गार झाला.
मला आत घ्यायचं का, यावर मतदान झालं. सगळ्यांचं एकमत.

मी आठ संघांची मांडणी काढायला घेतली होती. मॉमा बाहेर आली आणि पेन्सिल घेऊन गेली. हे लिपस्टिकनं लिहितेय.