आई हॅलो म्हणत नाही

३ फेब्रुवारी, सोमवार
आलो बाई एकदाच्या भिवंडीत! कल्याण नाक्याच्या आतल्या गल्लीत पहिला मजला, दोन खोल्या, आणि खाली लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना. दिवसभर असा खडखडाट, की भांडायचं तरी ओरडून भांडावं लागेल. आईला मात्र घर आवडलं. खारबावला एकटी राहून ती कंटाळली होती, आणि तिला एकटं ठेवून मी. दापोड्याच्या गोदामात मला सुपरवायझरची नोकरी लागली आणि दोघींचा प्रश्न सुटला.

आधी तथागतांची तसबीर लावली, मग गॅस जोडला. आईचं वय चौऱ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, जिभेला मात्र कसलाच आजार नाही. ती माणसं आवाजावरून ओळखते. समोरच्या कमळमावशी भाजी घेऊन आल्या, तर त्यांच्या खोकल्यावरून आईने ओळखलं की या सकाळी जिन्यात भेटलेल्याच. मावशी खूश झाल्या. मलाही फार बरं वाटलं. ही रोजनिशी आजपासून नेमाने लिहीन म्हणते.

५ फेब्रुवारी, बुधवार
मी सकाळी आठला निघते, संध्याकाळी सातला येते. मधले अकरा तास आई एकटी. तेव्हा फोन हवा, आणि भरवशाचा हवा.

मोबाइलचा प्रयोग फसला. काचेवर बोट फिरवणं तिला जमत नाही. मोठ्या बटणांचा आणला, तर तो चार्जिंगला लावायचं विसरते, आणि एकदा तर तो तांदळाच्या डब्यात सापडला. सिमकार्डवर चालणारा टेबलफोन पाहिला, पण या भिंतींच्या आत रेंजच नाही. राहिला फायबरचा लँडलाइन. गल्लीत इंटरनेट देणारा केसरीनाथ म्हणाला, आवाज स्वच्छ येईल, पण एक गोष्ट आधीच सांगतो, लाइट गेली की इंटरनेटचा डबा बंद आणि डबा बंद की फोन बंद. त्यावर बॅटरी बसवावी लागेल, ती मागवायला दोन-तीन आठवडे. आणि भिवंडीत लाइट जाते म्हणजे जातेच. नाशिकहून भाऊ मिलिंदने फोनवर सल्ला दिला, की कशाला एवढा खटाटोप. त्याला सल्ला द्यायला काय जातं! मी लँडलाइनच घेतला.

८ फेब्रुवारी, शनिवार
फोन बसला. लाल रंगाचा, ठसठशीत आकड्यांचा. मी मुद्दाम कमळमावशींकडून लावून पाहिला. आईने रिसीव्हर उचलला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "जयभीम, कोण बोलतंय?"

हे अण्णांचं, म्हणजे वडिलांचं शिकवणं. खारबावला पहिला फोन आला तेव्हा त्यांनी घरात नियमच केला होता, की आपल्या घरात फोन उचलला की आधी जयभीम. आईने जन्मात कधी हॅलो म्हटलं नाही. गॅसवाल्यालाही जयभीम आणि बँकवाल्यालाही जयभीम!

११ फेब्रुवारी, मंगळवार
आज दुपारी एकला गोदामातून फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला आणि पलीकडून आलं, "हॅलो." मला हसूच आलं. म्हटलं, अगं आई, जयभीम विसरलीस की काय? अण्णा असते तर जेवायला दिलं नसतं!  मग सावकाश, शाळेतलं पोर धडा म्हणतं तसं, "जयभीम."

मग खूप बोललो. आवाज इतका स्वच्छ, की मी विचारलं, लूम बंद आहेत का? तर म्हणाली, लाइट गेलीय. मग फोन कसा चालू? तर म्हणे, केसरीनाथ येऊन बॅटरी लावून गेला. सांगितल्यापेक्षा लवकर काम करणारा माणूस मी आज पहिल्यांदा पाहिला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
आई फोनवर बोलकी झालीय. घरी तासभर गप्प बसेल, पण दुपारी लाइट गेलेली असताना फोनवर खारबावच्या, अण्णांच्या, माझ्या लहानपणच्या गोष्टी विचारत राहते. तिलाच माहीत असलेल्या गोष्टी माझ्या तोंडून ऐकायला तिला आवडतं बहुतेक. संध्याकाळी म्हटलं, आज छान बोललीस. तर म्हणाली, तूपण. एवढे दिवस मी कामाच्या नादात हिच्याशी धड बोललेच नाही, याचं वाईट वाटलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार
आज फोनवर तिने सहा डिसेंबरची आठवण काढायला लावली. मी पाच वर्षांची असताना दादरला, चैत्यभूमीच्या गर्दीत हरवले होते. स्वयंसेवकांनी माइकसमोर उभं केलं आणि नाव विचारलं. धम्मदिना हे नाव मला तेव्हा म्हणताच येत नव्हतं. मी रडत रडत म्हटलं, "आई, मी चिंगी." त्या एवढ्या आवाजावर आई गर्दी कापत आली. आज ती विचारत होती, तेव्हा माइकवर नेमकं काय म्हणालीस गं? मी सांगितलं. तर पुन्हा म्हणायला लावलं. मग पुन्हा एकदा. माझ्या बाजूला ड्रायव्हर उभा होता, लाजच वाटली.

२२ फेब्रुवारी, शनिवार
कमळमावशींनी जिन्यात अडवलं. "तुजी आय लाइट गेली का फोनवरच हाय. येरवी न्हाय बोलत. आनि हसतं काय, रडतं काय!" मी म्हटलं, माझ्याशीच बोलते ती, दुपारी दहा मिनिटं. मावशी म्हणाल्या, "धा मिंटा न्हाय गो. दोन-दोन तास."

आईला विचारलं. तिला आश्चर्य वाटलं. म्हणाली, तूच तर लावतेस, आणि ठेवू देत नाहीस.

२४ फेब्रुवारी, सोमवार
आज घरून निघायला उशीर झाला आणि केसरीनाथ दारात आला. हातात खोकं. म्हणाला, "ताई, सॉरी हां, तुमची बॅटरी आज आली."

मी विचारलं, मग आधी लावलेली? तो म्हणाला, आधी कुठली? त्याने डबा उघडून दाखवला. नुसती एक वायर, भिंतीतल्या बटणाला. लाइट गेली की हा फोन खेळण्यातला, असं म्हणून तो हसला. मला हसता आलं नाही. मी जिच्याशी पंधरा दिवस बोलले ती आई नव्हती.

बॅटरी लावू दिली नाही. वायर काढली. फोन माझ्या बॅगेत टाकला. मिलिंदला कळवलं. तो म्हणतो, हल्ली आवाजाची नक्कल करून लोकांना फसवतात, पोलिसात तक्रार दे. पण बंद फोनवर? तो शुक्रवारी येतो म्हणाला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
रजा टाकली. आईला समोर बसवून विचारलं, फोनवर मी काय काय बोलायचे. तिने सगळं सांगितलं. मी असं काही बोललेच नव्हते. मी म्हणे तिला बजावलं होतं, की माझ्यासारखा आवाज काढून एक बाई दारात येईल. ती जयभीम म्हणेल. ती म्हणेल, आई, मी चिंगी. दार उघडू नकोस.

मी तिचा हात धरून समजावलं, की ते बोलणारी मी नव्हते. तिने माझा चेहरा चाचपला. बराच वेळ. मग विचारलं, "मग फोनवरची तू नव्हेस, की ही तू नव्हेस?"

मला रडू फुटलं. हे सगळं मीच शिकवलं त्या आवाजाला. जयभीमसुद्धा.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
दुपारी लाइट गेली. खालचे लूम एकदम थांबले. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आईचा आवाज. टेबलावर फोन नाही, काही नाही. आई मूठ कानाला लावून बसली होती. ऐकत होती. मान डोलवत होती.

मी हाक मारली तर मूठ पदराखाली लपवली. माझ्यापासून—

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळ
रजा वाढवून मिळाली नाही. दुपारी दोनला मिलिंद येतोय. तोवर कमळमावशी आईजवळ बसतील, त्यांनी शब्द दिलाय. मीही अर्ध्या दिवसात परत येईन. आज लूमला सुट्टी. लाइटचं काम आहे, बारा ते चार बंद, रिक्षावाल्याने आत्ता सांगितलं. आधी कळलं असतं तर निघालेच नसते, पण आता रिक्षात बसलेय.

तोच दिवस. सव्वाबारा
जिन्यात बसून लिहितेय. लिहिलं नाही तर मलाच खरं वाटणार नाही.

दार आतून बंद. आईने मावशींना बाहेर काढलं. म्हणाली, माझी दिना घरी येतेय, तुम्ही जा. मावशी सुतार आणायला गेल्यात.

मी दार वाजवलं. म्हटलं, जयभीम आई. मग म्हटलं, आई, मी चिंगी. आई दाराजवळ आली. हळूच म्हणाली, तिने सांगितलंच होतं, तू हेच म्हणशील.

तो लाल फोन माझ्या बॅगेत आहे. आत्ता हात घालून पाहिला. आहे.

लाइट नाही. लूम नाहीत. सगळं ऐकू येतंय. आई बोलतेय— हो गं, नाही उघडलं. बाहेरच बसलीय ती. रडतेय. हो, तुझ्यासारखीच रडतेय.

मिलिंदचा फोन लागत नाही

आता आई म्हणाली, कुठे पोचलीस? आणि उत्तर आलं. फोनमधून नाही. खोलीतून. माझा आवाज. माझाच— "आले गं आई."

आई म्हणाली, आलीस चिंगे? ये, बस. तिचा आवाज इतका मायेचा. मी ओरडले, आई ती मी नाही, मी इथे, दाराबाहेर, आई—

भांडं पडलं

मावशी अजून नाहीत

आत शांत. मी दाराला कान लावलाय. आई, म्हटलं. आई, तू बरी आहेस ना? नुसतं हो म्हण. मी जयभीम म्हणते, तू जयभीम म्हण, मी इथून हलणार नाही

पावलं आली. आईचीच, चप्पल घासत. दारापलीकडे थांबली. आईचाच श्वास. आईचाच आवाज

"हॅलो"

म्हणाली, हॅलो, कोण बोल—