मरीयेची ओटी

पप्पा, तुम्हाला तारा काही केल्या सरळ लावता यायचा नाही, हे आधीच सांगून टाकते. कुपवाडच्या वर्कशॉपात लेथवर केसाएवढा फरक पकडणारा माणूस, आणि घरच्या दारावर नाताळचा कामट्यांचा तारा टांगला की तो हमखास एका बाजूला कललेला. खाली उभी राहून मी ओरडायची, "उजवीकडं, पप्पा! तुमच्या नव्हे, माझ्या उजवीकडं!" आणि तुम्ही स्टुलावरूनच म्हणायचात, "अगं, येणाऱ्याला घर माहीत आहे, थोडा वाकडा चालतो." आज सकाळी माझ्या मुलीनं बाजारातला विजेचा तारा आणून पाच मिनिटांत लावून टाकला. अगदी सरळ. बघून मला कसंतरीच झालं, आणि चहा तसाच ठेवून लिहायला बसले. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती आईनं सांगायला हवी होती, पण आता तीही गेली. तेव्हा माझ्याशिवाय दुसरं कोण सांगणार?

सांगलीतल्या आपल्या त्या दोन खोल्या आठवून बघा. आत चूल, बाहेर सगळं. बाहेरच्या खोलीत तुमची खाट, माझा अभ्यास, आल्यागेल्याची उठबस, आणि डिसेंबर आला की नाताळही तिथंच. पण आईचा नाताळ दिवाळी संपली की लगेच सुरू व्हायचा. गल्लीतली पोरं दिवाळीत किल्ले करायची, आणि त्यांच्यासाठी आणलेली मातीची चित्रं कुंभाराकडं उरलेली असायची. ती आई घासाघीस करून आणायची. डोक्यावर घागर घेतलेली गवळण ही आपली मरीया. फेटा बांधलेला शेतकरी म्हणजे योसेफ. पूर्वेकडचे ज्ञानी म्हणून तीन मावळे, त्यांच्या ढालींना चॉकलेटचा सोनेरी कागद लावला की त्या झाल्या भेटी. बाळ तेवढं ती कणकेचं करायची, आणि पंचवीस तारखेपर्यंत त्याला हटकून मुंग्या लागायच्या. कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या गाड्यांमागं पडलेलं पाचट ती गोळा करून आणायची आणि येशूच्या जन्माचा गोठा शाकारायची, तोही असा की खरी म्हैस येऊन बसावी. भिंतींना चुना, चुन्यात चिमूटभर नीळ. तुम्ही डब्यातून पितळेच्या चकचकीत गुंडाळ्या आणायचात, लेथवर कातताना निघणाऱ्या, आणि त्या दोऱ्याला बांधून लोंबत सोडायचात. दोघांची बोटं कापलेली असायची आणि दोघंही खुशीत. मी आपली पताका धरून उभी. एकदा मी विचारलं होतं, मरीयेच्या डोक्यावर घागर कशी गं? तर आई म्हणाली, "बाळंत व्हायच्या दिवसापतूर बाईला पानी भरावंच लागतंय." तुम्ही केवढ्यानं हसला होता.

आई कुंडलची, हे मी तुम्हाला काय सांगणार. घरचा ऊस, दोन भाऊ पलटणीत, मानाचं घर. मिशनच्या दवाखान्यात ती आयाचं काम करायला आली, तुम्ही पायाला पत्रा लागला म्हणून आलात, आणि पुढं जे झालं त्यावर तिच्या घरानं तिच्या नावानं आंघोळ केली. तिनं बाप्तिस्मा घेतला, रविवारच्या उपासनेला ती तुमच्याआधी तयार असायची, गाणी तिला तुमच्यापेक्षा जास्त पाठ होती. पण बोलणं कुंडलचंच राहिलं, आणि हातही. पाहुणी बाई आली की हळदीकुंकवाला हात जायचा, मग मध्येच थांबायचा. मी लहान होते तरी तो थांबलेला हात मला दिसायचा. तुम्हाला दिसत होता का, कोण जाणे.

चौऱ्याहत्तरचा नाताळ. आजोबा साताऱ्याहून एस.टी.नं आले होते. ते तिथल्या ख्रिस्ती मंडळीतले पंच, कोटाचं वरचं बटणसुद्धा उघडं न ठेवणारे. संध्याकाळी गाणी म्हणत मंडळी आपल्याकडं येणार म्हणून खोली नुसती झगमगत होती. मी खळ लावून कागदाची साखळी चिकटवतेय, तुम्ही मेणबत्त्या बसवताय, आजोबा पाय धुवायला मागं गेलेत. आणि आई आतून ताट घेऊन येते. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. डोक्यावर पदर घेते, गोठ्यापुढं बसते, आणि त्या गवळणीची ओटी भरते. तुम्ही बघत होता, पप्पा. गालातल्या गालात हसतसुद्धा होता. मग मागून आजोबांचा आवाज आला, "हे काय चाललंय?"

आई घाबरली नाही. तिला वाटलं ते खरंच विचारतायत. ती सरळ म्हणाली, "आवं मामंजी, बाळंतीण हाय ती. वाटंवर बाळंत झाली, माहेर लांब ऱ्हायलं, जवळ एक बाईमाणूस न्हाई. तिची ओटी कुनी भरायची?"

आजोबा तिच्याशी बोललेच नाहीत. ते खाटेवर बसले आणि तुमच्याकडं बघून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "माझ्या बापाला गावच्या पाणवठ्यावरून हाकललं, तेव्हा तो हे सगळं मागं टाकून निघाला. आणि तुझ्या घरात मूर्तीची ओटी भरली जातेय?" म्हाताऱ्याचा मला आज राग येत नाही. त्यांच्या बापाचं पाणी बंद झालं होतं. ते ज्याच्यातून सुटले तेच त्यांना त्या ताटात दिसलं असणार. राग येतो तो तुमचा. कारण तुम्हाला ताटात काय आहे ते माहीत होतं. तरी तुम्ही काड्यापेटी टाकून पुढं आलात आणि म्हणालात, "उचल ते. तुमच्याकडचं हे असलं इथं चालायचं नाही." आणि तिनं उचलायच्या आत तुम्हीच ताट ओढलंत. त्या गडबडीत गवळण कलंडली आणि तिचा घागर धरलेला हात मोडला.

आई उठली, ताट घेऊन आत गेली. गाणारी मंडळी आली तेव्हा तिनं सगळ्यांना चहा दिला, करंज्या दिल्या, हसून सलाम केला. कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी उपासनेलाही आली. मला वाटलं, झालं गेलं संपलं.

पुढच्या दिवाळीनंतर ती कुंभाराकडं गेली नाही. पाचट आणलं नाही. डिसेंबर अर्धा झाला तरी चुन्याची बादली निघाली नाही, तेव्हा तुम्ही विचारलंत, तर म्हणाली, "तुमचं घर हाय, तुमी सजवा." एवढंच. भांडण नाही, आदळआपट नाही, अबोला नाही. दोन वेळचं गरम जेवण, शर्टाला इस्त्री, सगळं जागच्या जागी. फक्त बाहेरच्या खोलीत नाताळच्या दिवसांत ती पाहुणीसारखी यायची, कडेनं जायची, आणि विचारलं तर म्हणायची, "बरं दिसतंय." ओ पप्पा, "तुमचं घर" म्हणत होती ती! शब्द नुसता कानाखाली वाजत होता तुमच्या, आणि तुम्हाला वाटत होतं की ती त्या मोडक्या गवळणीसाठी रुसलीय!

मग काय, तुम्ही गवळणी आणायला लागलात. त्याच वर्षी एक आणलीत, आणि जेवताना मुद्दाम तिच्या पाटाजवळ ठेवलीत. तिनं ती उचलून फडताळात ठेवली, वाट्यांच्या शेजारी. पुढच्या वर्षी त्याहून मोठी. त्याच्या पुढच्या वर्षी जोडीनं दोन, एक निळ्या लुगड्याची, एक हिरव्या. कुंभार म्हणाला असेल, ह्या माणसाच्या पोरानं किल्ल्यावर नुसत्या बायकाच मांडल्या की काय. आपल्या गोठ्यात एका बाळाला चार आया झाल्या, आणि मी हसून हसून लोळले, आणि तुम्ही मला गप्प केलंत, "हळू, तिला ऐकू जाईल." आजोबा तोवर वारले होते. आता कुणाची भीती होती तुम्हाला? एवढी चित्रं आणलीत, तेवढ्या कष्टात एक "माझं चुकलं" नसतं का झालं? हे मी पुष्कळ वर्षं मनात म्हणत राहिले. तुम्हाला हेकट समजत राहिले. तसं नव्हतं, हे कळायला फार उशीर झाला.

एकोणऐंशीचा नाताळ आला तेव्हा तुमच्या छातीचं दुखणं वाढलं होतं. स्टुलावर चढणं सोडाच, दारापर्यंत गेलात तरी धाप लागायची. तुम्ही खाटेवर बसून होता, खोली ओकीबोकी. आई आतल्या दारात उभी, हाताला पीठ. तुम्ही म्हणालात, "यंदा तू कर की. माझ्यानं होत नाही."

"तुमी सांगा, मंग करते."

"सांगतोय की. कर म्हणून."

"ते न्हवं."

"मग काय सांगू?"

तिनं हाताचं पीठ झटकलं. मला वाटलं आता बोलेल. पण म्हणाली, "काय न्हाई," आणि आत गेली. तुम्ही माझ्याकडं वळून केविलवाणं विचारलंत, "हिला काय हवंय गं? तू तरी सांग." मला तरी कुठं माहीत होतं? मी वैतागून म्हटलं, तुमचं तुम्ही बघून घ्या, आणि एकटीनंच चार पताका लावून मोकळी झाले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

मला ते कळलं माझ्या पहिल्या खेपेला. सातव्या महिन्यात आईनं आतल्या खोलीचं दार लोटून माझी ओटी भरली. भरता भरता ती म्हणाली, "मला तू झालीस तवा दवाखान्यात माहेरचं कुत्रंसुदीक आलं न्हाई." मग मीच विषय काढला. म्हटलं, त्या गवळणीचा हात मोडला म्हणून एवढी वर्षं रुसलीस? ती म्हणाली, "त्या मातीच्या चित्राचं काय एवढं? मला 'तुमच्याकडचं' म्हनाले. माझ्याकडचं म्हंजी कुनाकडचं? माझं कुनी ऱ्हायलं व्हतं व्हय? ह्यांच्यापायी समदं सोडून आले, आन् सासऱ्यापुढं एका शब्दात मला परत कुंडलला नेऊन सोडलं. रागवा की. 'आपल्यात हे चालत न्हाई' म्हनून दोन कानफटात दिल्या असत्या तरी मी हूं का चूं केलं नसतं." मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस त्यांना? तर म्हणाली, "सांगून बोलून घेतलेलं काय कामाचं?"

हे तुम्हाला सांगायचं होतं. खोटं वाटेल, पण तुम्हाला ते कळलं असतं तर तुम्ही एका श्वासात बोलून टाकलं असतं, हे मी छातीठोक सांगते. तुम्हाला तो शब्द आठवतसुद्धा नव्हता. बापासमोर तोंडातून निघून गेला आणि तुम्ही विसरलात. आणि तिचं सगळं घर त्याच शब्दावर अडून बसलं. तुम्ही चित्रं आणत राहिलात, ती शब्दाची वाट बघत राहिली, दोन्ही खोल्या मिळून पंधरा पावलांत संपायच्या, आणि तेवढ्यात तुम्ही दोघं एकमेकांना सापडला नाहीत. तुम्ही गेल्यावर ती रडली ती नवरा गेला म्हणून नुसती नव्हे. आता बोलणारं माणूसच राहिलं नाही म्हणून रडली. मला फार वाईट वाटतं, पप्पा. दोघांचंही.

हे काही कुठं पाठवायचं नाही. तेव्हा आणखी एक लिहून टाकते, जे आईशीही कधी बोलले नाही. ती आत बसायची त्या वर्षांत तुम्ही अर्धी रजा टाकून घरी यायचात. खळ मी शिजवायची, कामट्या तुम्ही तासायच्या, पितळेच्या गुंडाळ्या बांधायला दोरा मी धरायचा. तुम्ही मला विचारायचात, इथं लाल बरा का पांढरा? त्याच्या आधी मला कुणी काही विचारलं नव्हतं. तुम्ही आणि आई एकमेकांत दंग असायचात आणि मी कागद धरून उभी. तुम्हा दोघांचं त्या खोलीत काय चाललंय ते मला दिसत होतं, तरी मी दिवाळी कधी सरते आणि आपण दोघं कामाला बसतो म्हणून दिवस ढकलत असायची. आज कुणी म्हणालं की एक नाताळ परत देतो, माग, तर आई गोठा शाकारत हसायची त्यातला एखादा मागायला हवा. तुमच्यासाठी, तिच्यासाठी. मी तो मागणार नाही.