पेटीतली हाक

१८ मार्च, मंगळवार
पेटी बोलली नाही. पहाटे वाघ समोरून गेला, कॅमेऱ्याने ओळखला, लाल दिवा लागला — आवाज नाही! पोचूभाऊंनी फोनवर खात्री दिली. ते वनखात्याचे रोजंदारीवरचे मजूर. वेशीवर आम्ही बसवलेली कॅमेरा-भोंग्याची पेटी तेच सांभाळतात. "दिवा लागला मॅडम, पण पेटी मुकीच. वाघाच्या पंजाच्या खुरा तिच्या बुडाशीच हायेत."
मोहफुलांचे दिवस. बाया उजाडायच्या आत रानात जातात. वाघ दिसला की त्यांना थांबवायचं, एवढंच पेटीचं काम.

१९ मार्च
गावात जाऊन आले. गुणाबाई अंगणात मोह वाळत घालत होत्या. काल गेला होतात? "गेली न परत आलीबी. पेटी चूप होती, मंजे वाघ नव्हता."
पेटी बिघडली आहे, तिच्यावर विसंबू नका, असं सांगितलं.
"मंग लावली काऊन?"

पेटी नव्हती तेव्हा या बाया ठसे बघायच्या, माकडांचा ओरडा ऐकायच्या. आता पेटीकडे बघतात. मुकी पेटी नसलेल्या पेटीपेक्षा वाईट.

२० मार्च
पेटी काढून आणू या, असं कुलदीपला म्हटलं. माझा सहकारी, गडचांदूरचा. "काढली त लोक पुन्हा लावू नाई देत ताई. दुरुस्तच करू."
ऐकलं त्याचं.

२१ मार्च, शुक्रवार
पेटीतलं सगळं सॉफ्टवेअर एकाच फाईलमध्ये बांधून कार्डावर चढवतो. ती इमेज. काय काय हवं ते आधी लिहून द्यायचं, मग मशीन एकेक पॅकेज बांधत बसतं. ऊर्जानगरला वीज घडवतात आणि माझ्याच क्वार्टरची दोनदा गेली! पुन्हा पहिल्यापासून.
निदान एक सापडलं. आवाजाचं पॅकेज इमेजमध्ये होतं, पण त्यातला प्रत्यक्ष वाजवणारा प्रोग्राम वेगळा निवडावा लागतो. तो निवडलाच नव्हता. तबला आणला, तबलजी नाही.

२२ मार्च
प्रोग्राम आला. तरी मुकी. आता वाजवायची फाईलच नाही.
फाईल म्हणजे बायनाबाईंचा आवाज. मोहाच्या दिवसांत रोज पहाटे साऱ्या बायांना हाक मारून त्याच उठवतात, त्याच पुढे निघतात. म्हणून कुलदीपने त्यांचाच आवाज घेतला. "तिचं ऐकत नाई असी एक बाई नाई गावात." रेकॉर्डिंगचं वेगळं पॅकेज त्यानेच केलं, नाव इथल्या बोलीचंच, झाडी. ते मागितलेल्या पॅकेजांत आहे. मी स्वतः लिहिलं आहे. इमेजमध्ये नाही. आणि मशीन शेवटी म्हणतं — यशस्वी!

२३ मार्च
तेच.

२४ मार्च, सोमवार
फाईल हाताने पेटीत टाकून पाहिली. वाजली. बंद करून सुरू केली — गायब. पेटी इमेजमधलं तेवढंच धरते, वरून दिलेलं सुरू होताना पुसून टाकते. आम्हीच तशी केली आहे, वीज गेली तर बिघडू नये म्हणून.
वर्तमानपत्रात इतकी वर्षं काढली. पान सोडायची वेळ ठरलेली असायची. बातमी अर्धी असली तरी पान जायचं, जागा भरली जायची. इथे अर्धं काही चालत नाही, आणि वाघ वेळ कळवत नाही.
पोचूभाऊंचा फोन. नाल्यापाशी पुन्हा ठसे. बाया गेल्याच.

२५ मार्च
सापडलं. हसू की रडू!
मी मागताना पॅकेजच्या नावातली झाडी इंग्रजीत जे-एचने लिहिली. वर्तमानपत्रातली सवय. कुलदीपने पॅकेजचं नाव झेडने ठेवलं. इकडे नाटकाच्या पोस्टरपासून दुकानाच्या पाटीपर्यंत झाडीपट्टी झेडनेच. मशीनला जे-एचवाली झाडी माहीतच नाही. माहीत नसलेलं काही मागितलं की ते विचारत नाही, तक्रार करत नाही — ती ओळच गाळून टाकतं.
कुलदीप म्हणाला, "ताई, तुमची झाडी कोणती न माही कोणती!"
दोघंही हसलो. या आठवड्यात पहिल्यांदाच.

२७ मार्च, गुरुवार
नवी इमेज चढवली. दुपारी अख्खं गाव पेटीभोवती. पुठ्ठ्याचा वाघ कॅमेऱ्यासमोर धरला आणि पेटी बोलली —
"बाया वंऽऽ! आज मोहावर नोका जाऊ. वाघ हाये. घरीच राहा."
लांबवलेली हाक, रोजच्यासारखी. पुढचं त्या भराभर बोलल्या आहेत. बायनाबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "माह्यासारखीच बोंबलते मेली!" गुणाबाईंनी पेटीवर हात फिरवला. "आता ही बोलली का मी घरी. जबान देतो."
पोचूभाऊंनी चहा पाजला. लांब जाऊन ऐकावं असं मनात आलं होतं. ऊन फार होतं.

२८ मार्च, शुक्रवार
पेटी बोलली. पोचूभाऊंनी खात्री दिली. पहाटे वाघ आला आणि ती लगेच बोलली, काहीही न गाळता. वारा उलटा होता. घरांपर्यंत पोचलं ते फक्त "बाया वंऽऽ". बाया टोपल्या घेऊन हाकेच्या दिशेने निघाल्या. बाकीच्या पळत परत आल्या. जाताना गुणाबाई सगळ्यांच्या पुढे होत्या.
बायनाबाई दारात बसून आहेत. एकच म्हणतात, "मी त आज हाक मारलीच नाई."
वनखात्याचं पथक रानात उतरलं आहे. अंधार पडायच्या आत गुणाबाई सापडतील, असं पोचूभाऊ म्हणतात. कशा, ते म्हणत नाहीत.