नंदाची मुलाखत

मंगळवार, माधवनगर

आज स्वतःचीच लाज वाटते आहे. लेक आतल्या खोलीत दार लावून मोबाईलवर समुपदेशक बाईंशी बोलत होती. चौथी वेळ. या बोलण्यामुळेच ती आता कुठं नीट झोपायला लागली आहे. तेवढ्यात शिराळ्याहून मेहुणा आला.

"नंदी कुठं हाय, दाजी?"

"नोकरीची मुलाखत चालू आहे. ऑनलाइन."

किती सहज बोललो. 'मनाचं दुखणं लपवू नका' हा लेख सकाळीच वर्तमानपत्राला वेळेत पाठवणारा मी.

नंदा बाहेर आली ती रडून लाल झालेल्या डोळ्यांनी.

"लय पिडलं व्हय गं सायबानं? नगं तसली नोकरी," मेहुणा म्हणाला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "नाही मामा, बरी झाली मुलाखत."

माझं खोटं तिनं सांभाळलं, त्या लाल डोळ्यांनी. मेहुण्याला खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? काहीच नाही बहुधा.

तो गेल्यावर तिनं विचारलं, "बाबा, पुढच्या मंगळवारी मी गच्चीत बसू का?"

"कशाला? खोलीतच बस."

"आणि कुणी आलं तर काय सांगाल?"

एवढं विचारून ती आत गेली.